एकाच तारखेचे रिपोर्ट

बाळांनो,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमची आई म्हणाली, "आजीच्या त्या प्रोग्रॅमपायी मेढ्याच्या सुभेदारांचं काय झालं ते विचारा तिला," आणि धाकट्याने लगेच विचारलं, "मेले का ते?" तेवढ्यात तुमच्याकडे दाराची बेल वाजली आणि प्रश्न तसाच राहिला. मला एका शब्दात उत्तर देता आलं असतं, पण ते अर्धवट झालं असतं. तुमच्या आईला वाटतं की मी हा उद्योग आता बंद करावा. तिचं म्हणणं तुम्ही तिच्याकडून ऐकालच. माझं इथे क्रमाने लिहिते. सगळं लख्ख आठवतं आहे, तोवरच लिहिलेलं बरं.

आधी हा उद्योग काय आहे ते सांगते. तुमची आई शाळेत होती, इंटरनेट अजून सांगलीला आलं नव्हतं, तेव्हा काही हौशी लोक आपला कॉम्प्युटर टेलिफोनच्या तारेला जोडून ठेवत. दुसऱ्याने आपल्या कॉम्प्युटरवरून तिथे फोन लावायचा, तिथे लोकांनी लिहून ठेवलेलं वाचायचं, आपल्या चार ओळी लिहायच्या आणि फोन ठेवायचा, कारण लाइन एकच असे आणि रांगेत आणखी कोणीतरी असे. ह्याला आम्ही बोर्ड म्हणायचो. एका बोर्डावरची पत्रं दुसऱ्या बोर्डावर जात ती गठ्ठा बांधून. आलेला गठ्ठा सोडायचा, पत्रं वेगळी करायची, ज्या विषयाची त्या खणात टाकायची आणि पुढच्या बोर्डासाठी नवा गठ्ठा बांधायचा, हे काम एक छोटा प्रोग्रॅम करतो. टपाल कचेरीत पत्रं वेगळी करणारा माणूस असतो ना, तसा.

मी तेव्हा साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात होते, उसाच्या वजनांचे प्रोग्रॅम लिहीत होते. घरचा बोर्ड मी हौसेने सुरू केला. पत्रं वेगळी करणारा तो प्रोग्रॅम मुळात परदेशातल्या एका गृहस्थांनी लिहिला होता. ते थकले तेव्हा त्यांनी तो ज्याला हवा त्याने घ्यावा म्हणून सोडून दिला. बरीच वर्षं कोणी पुढे आलं नाही. मी निवृत्त झाले, हातात वेळ होता, मी घेतला. आता बोर्ड मोजके उरले आहेत. गठ्ठे टेलिफोनऐवजी इंटरनेटवरून जातात. पण जुने रेडिओ दुरुस्त करून वापरणारे लोक असतात तसे आमचे लोक आहेत, ते सोडत नाहीत. त्यांचा प्रोग्रॅम बिघडला की ते मला लिहितात.

सुभेदार त्यांच्यातलेच. सैन्यात ते सिग्नलमध्ये, म्हणजे निरोप पोचवणाऱ्या विभागात होते, नोकरीच्या शेवटी शेवटी कान गेले. बायको वारली, मूलबाळ नाही. मेढ्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत एकटे राहतात. ऐकू येत नाही म्हणून फोनचा उपयोग नाही, आणि मोबाइलवरची अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात म्हणून तो ट्रंकेत ठेवलेला. जुन्या कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावर मोठी अक्षरं दिसतात, म्हणून त्यांना बोर्ड आवडतो. रोज सकाळी चहाआधी ते त्यावर एक ओळ टाकतात: "वाडी चौकी. सब ठीक." चौकी म्हणजे त्यांचं घर. फौजेत रोज सकाळी असा रिपोर्ट द्यावा लागतो, ती सवय. एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही.

ही ओळ दोन माणसं वाचत. एक त्यांची धाकटी बहीण, जिला मी अक्का म्हणते, ती माधवनगरला राहते. दुसरा तिचा मुलगा. तोही फौजेत आहे, सध्या कुठेतरी बर्फात. बोर्डाचं पान मोबाइलवर दिसेल अशी सोय मी केली होती, त्यामुळे तो तिथून रोज मामाचा रिपोर्ट बघायचा.

आता सुधारणेकडे येते. गेल्या काही महिन्यांत कुठल्याशा दूरच्या देशातलं एक मशीन बिघडलं होतं आणि जुनी पत्रं पुन्हा पुन्हा ओकत होतं. आमचे बोर्ड त्याने भरून गेले. तोच विनोद किती वेळा वाचायचा म्हणून लोक वैतागले. जुना प्रोग्रॅम एकाच गठ्ठ्यातली दुबार पत्रं ओळखायचा, गठ्ठा बदलला की विसरायचा. मी त्याला लांबची आठवण दिली. पाठवणारा, पत्रावरची तारीख आणि मजकूर हे तिन्ही आधीच्या एखाद्या पत्राशी जुळले, तर ते पत्र दुबार समजून बाजूच्या पेटीत टाकायचं, बोर्डावर दाखवायचं नाही. लावण्याआधी मी साठवलेल्या जुन्या टपालावर तपासून पाहिलं. एकही पत्र चुकीचं धरलं गेलं नाही. मग नवं व्हर्जन लावलं. बोर्ड स्वच्छ झाले, चार लोकांनी आभार मानले.

अक्काचा फोन आला तेव्हा मी दोडका चिरत होते.

"आवं बाई, दादाचा रिपोर्ट न्हाई."

"आजचा?"

"आजचा कुठला! लय दिस झालं म्हणतोय लेक. मी त्याला म्हटलं, मशीन हाय, दमतंय, येतंय की. पण त्यो ऐकतोय व्हय? रोज तिकडनं फोन. मामाचा रिपोर्ट न्हाई, मामाचा रिपोर्ट न्हाई."

"वाडीत कोणाला विचारलंत का?"

"पोलीस पाटलाला लावला. त्यो बसलाय पुण्याला लेकीकडं. शेजारच्यांचा लागतच न्हाई, पावसानं टावर गेलाय जनू. बाई, खरं सांगा. तुमच्या मशीननं खाल्लं, का माझा भाऊच…"

 मी सुरी ठेवली आणि आतल्या खोलीत गेले.

बाजूच्या पेटीत रिपोर्ट होते. एकाखाली एक, "वाडी चौकी. सब ठीक." मी फोनवर तिला तसं सांगितलं. ती आधी हसली, मग नाक ओढलं, मग माझ्या मशीनला दोन शिव्या दिल्या ज्या मी इथे लिहीत नाही. मीही हसले. मग माझं लक्ष तारखेकडे गेलं.

सगळ्या रिपोर्टांवर तारीख एकच होती, आणि तीही कित्येक वर्षांपूर्वीची.

बंद असताना वेळ लक्षात ठेवायला कॉम्प्युटरमध्ये एक छोटा सेल असतो. तो संपला की प्लग काढल्यावर मशीनला दिवस आठवत नाही, पुन्हा लावलं की ते ठरलेल्या एका जुन्या तारखेपासून सुरू होतं. सुभेदार मेढ्याच्या डोंगरात राहतात, तिथे विजा फार. ते रोज काम झालं की प्लग काढून ठेवतात. ह्या पावसाळ्यात कधीतरी तो सेल संपला असणार. त्यांना कळायचं काही कारण नव्हतं, तारीख ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर बघतात. तेव्हा पाठवणारा तोच, मजकूर रोज तोच, आणि आता तारीखही तीच. माझा प्रोग्रॅम त्याला सांगितलं होतं तेच करत होता.

कोडं सुटलं असं वाटून मी उठणार होते. मग मनात आलं, हे सगळे कधी आले? तारखेवरून ते कळायला मार्ग नव्हता. सुभेदारांचं टपाल आधी साताऱ्याच्या बोर्डावर जातं, तिथून सगळ्यांचं मिळून एका गठ्ठ्यात माझ्याकडे येतं, आणि कोणता गठ्ठा कधी आला ते माझा प्रोग्रॅम लिहून ठेवत नसे, त्यामुळे माझ्या मशीनलाही ते माहीत नव्हतं. साताऱ्याचा बोर्ड चालवणारे गृहस्थ गावी नव्हते, त्यांचा फोन बंद होता. म्हणून मी दुसरा मार्ग धरला. आजचा गठ्ठा अजून यायचा होता, तेव्हा नवं व्हर्जन लावल्यापासून कालपर्यंतच्या सकाळी मोजल्या आणि बोर्डावरचे नि पेटीतले मिळून रिपोर्ट मोजले. पुन्हा मोजले.

एक कमी होता.

तुमचे आजोबा दारात उभे होते. "काय गं, तुझ्या पोस्ट ऑफिसात संप झाला का?"

"एक रिपोर्ट कमी आहे."

"एखाद्या दिवशी लाइट नसंल तिकडं."

"असेल."

"मग?"

"कोणत्या दिवशीचा कमी आहे ते सांगता येत नाही. मधलाच एखादा असेल, तर काही नाही. कालचा असेल, तर आज त्यांना उठता येतं आहे का, ते बघायला तिथे कोणी नाही."

 आजोबा किल्ली घेऊन खाली गेले. काम अर्धवट टाकून उठणं मला जमत नाही, म्हणून मी आधी जुनं व्हर्जन परत लावलं आणि पेटीत अडकलेले रिपोर्ट बोर्डावर सोडून दिले. त्यावरून पुढे काय होईल हे त्या क्षणी सुचलं नाही.

निघताना अक्काला फोनवर तारखेचं आणि कमी पडलेल्या रिपोर्टाचं सांगितलं होतं, त्यामुळे माधवनगरला ती पिशवी घेऊन रस्त्यावरच उभी होती. पिशवीत भावासाठी शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी. तिथून निघालो. आष्ट्याला तुमच्या आईच्या थोरल्या काकांच्या दारावरून गाडी गेली तरी आजोबा थांबले नाहीत, नुसता हॉर्न दिला. काका त्यावरून अजून रुसलेले आहेत.  अक्का मधूनच म्हणायची, "वाईच हळू हाका," आणि लगेच, "का थांबलासा?"

कराडच्या अलीकडे तिचा मोबाइल वाजला. मुलगा होता. तिने तो कानाला लावला आणि एकदम ओरडली, "आलं! आवं बाई, दादाचं रिपोर्ट आलं! एक न्हाई, धा-पाच आलं म्हणतोय! सगळं सब ठीक!"

आजोबांनी गाडी बाजूला घेतली. एका हॉटेलासमोरच होतो. "चला, चहा घेऊ," ते म्हणाले. "मग ठरवू, पुढं जायचं का फिरायचं."

अक्का डोळे पुसत होती. "फिरायचं कशाला? भाकरी देऊनच येऊ की. आता ग्वाड लागंल भाकरी."

मी माझ्या मोबाइलवर बोर्डाचं पान उघडलं आणि रिपोर्ट मोजले. मी निघताना सोडले होते तितकेच होते.

"अक्का, हे मी सोडलेले आहेत. अडकले होते ते. ह्यात नवा नाही."

"तुमास्नी कसं कळतंय? समद्यांवर तारीख तीच म्हणालासा न्हवं?"

"मोजले मी. तितकेच आहेत."

"चुकलं असंल मोजायला."

"नाही चुकलं."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी ते अजून विसरले नाही. मग ती खिडकीकडे वळली. आजोबांनी गाडी सुरू केली. कराड मागे पडल्यावर अक्का म्हणाली, "आता लेकाला काय सांगू? त्यो तिकडं बर्फात उड्या मारत असंल."

"अजून काही सांगू नका."

"न्हाई सांगत. मारू दे घटकाभर."

साताऱ्याहून मेढ्याला, तिथून वर. वाडीच्या खाली रस्ता चिखलाने भरला होता, गाडी पुढे जाईना. आम्ही चालत चढलो. अक्का आमच्या कितीतरी पुढे होती, चप्पल हातात घेऊन. घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. तिने हाक मारली नाही, त्यांना ऐकू येत नाही हे तिला माहीत होतं. तरी उंबऱ्याशी ती थांबली आणि माझी वाट बघत राहिली. मग आम्ही दोघी बरोबर आत गेलो.

आत वास होता. सुभेदार खाटेवर पडून होते, डोळे मिटलेले, तोंड उघडं. एक पाय टॉवेलमध्ये गुंडाळलेला आणि टॉवेल ओला, पिवळा. टेबलावर कॉम्प्युटर, त्याचा प्लग नीट काढून वर ठेवलेला. अक्काने त्यांच्या छातीवर हात ठेवला. त्यांनी डोळे उघडले, आम्हाला पाहिलं आणि उठून बसायची धडपड केली.

"सब ठीक हाय," ते म्हणाले.

"सब ठीक?" अक्का त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन ओरडली. "सब ठीक व्हय रं दादा? ह्यो पाय बघ! ह्यो पाय हाय का कुजकं कणीस?"

"वराडू नगंस," सुभेदार म्हणाले. "ऐकू येत न्हाई मला."

आजोबांनी आणि खालच्या घरातल्या दोन पुरुषांनी त्यांना खाटेसकट खाली आणलं. वाटेत सुभेदारांनी एकदा हात वर करून सगळ्यांना थांबवलं. आम्हाला वाटलं, कळ आली. त्यांना दार नीट लावलं का ते विचारायचं होतं. गाडीत अक्काने पाय मांडीवर घेतला आणि साताऱ्यापर्यंत हलू दिला नाही. त्यांना साखरेचा आजार आहे. शेतात बोटाला काहीतरी लागलं होतं, ते चिघळलं, सुजलं, ताप आला. हे सगळं होत असताना ते रोज उठून रिपोर्ट पाठवत होते. आदल्या दिवशी सकाळी मात्र त्यांना उठता आलं नाही. कमी होता तो त्या सकाळचा रिपोर्ट.

साताऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पाय पाहिला आणि लगेच ऑपरेशनला घ्यायचं म्हणाले. मी विचारलं, "पाय वाचेल?"

"पाय वाचवायचा प्रयत्न करतो. दोन बोटं जातील. उद्यावर टाकलं असतंत तर गुडघ्यापर्यंत काढावा लागला असता."

"आणि काल आणलं असतं तर?"

त्यांनी हातमोजे चढवता चढवता माझ्याकडे पाहिलं. "काल आणलं असतंत तर कदाचित बोटंही राहिली असती. कदाचित. सांगता येत नाही."

ऑपरेशन चाललं तोवर अक्का आणि मी एकाच बाकावर बसलो होतो.  मुलाचा फोन आला तेव्हा अक्का उठून दूर गेली आणि पाठ करून बोलली. परत आली तेव्हा पिशवीतून भाकरी काढून अर्धी माझ्या हातात दिली. "खावा," म्हणाली. "उपाशी बसून त्याचं बोट उगवणार न्हाई." आम्ही खाल्लं. मला चव कळली नाही.

सुभेदार शुद्धीवर आले, जरा सावरले, तेव्हा मी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून त्यांना विचारलं: पाय असा असताना सब ठीक का लिहिलंत?

त्यांनी ते वाचलं. त्यांना माझ्या प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं. "बाई, रिपोर्ट म्हंजे मानूस जाग्यावर हाय, एवढंच. पाय कसा हाय ते रिपोर्टात येत न्हाई."

"मग जळू दे तुझा रिपोर्ट," अक्का म्हणाली. ह्या वेळी ते त्यांना ओठांवरून कळलं असावं, कारण त्यांनी तोंड फिरवलं.

ह्या सगळ्यावरून तुमची आई आणि आजोबा अजून फोनवर भांडतात. आईचं म्हणणं असं: रिपोर्ट बोर्डावर दिसत असते, तर आदल्या दिवशीचा आला नाही हे भाच्याला त्याच दिवशी कळलं असतं आणि एक दिवस वाचला असता. आजोबांचं म्हणणं असं: एक रिपोर्ट चुकला म्हणून सांगलीहून मेढ्याला कोणी धावलं नसतं. लाइट नसेल, असंच सगळे म्हणाले असते, मी स्वतः म्हणालो. इतक्या दिवसांचे रिपोर्ट दिसले नाहीत म्हणूनच अक्का घाबरली. दोघांचंही ऐकलं की मला पटतं. मी ह्याचा निकाल लावू शकलेली नाही, आणि आता लावायचा प्रयत्नही सोडला आहे.

आईची एक गोष्ट मात्र मी मान्य केली. ती म्हणाली, "आई, एका हौशी प्रोग्रॅमवर कोणाचा जीव टांगून ठेवू नकोस." ते खरं आहे. प्रोग्रॅमचं काम पत्रं पोचवायचं. माणसाला बघायला माणूस जायला हवं. वाडीतल्या खालच्या घरची सून आता एक दिवसाआड वर जाते आणि सुभेदारांचा पाय स्वतःच्या डोळ्यांनी बघते. ती गेली की अक्काला मिस्ड कॉल देते.

प्रोग्रॅमही बदलला. आता तो पत्रावर छापलेल्या तारखेवर विसंबत नाही, पत्र आपल्याकडे कधी आलं ते स्वतः लिहून ठेवतो. आणि दुबार वाटलेलं पत्र गुपचूप पेटीत टाकत नाही, बोर्ड चालवणाऱ्याला दाखवून मग टाकतो. हे करायला मला वेळ लागला, कारण प्रत्येक ओळ लिहिली की ती कोणाचं काय अडवेल ह्याचा विचार करत मी बसायचे. पूर्वी असं होत नसे. दूर देशांतल्या दोन बोर्डवाल्यांनी लिहिलं की सारखं विचारणारं हे व्हर्जन त्यांना आवडलेलं नाही, जुनंच बरं होतं. मी त्यांना सुभेदारांची हकीगत लिहिली. एकाने नवं लावलं. दुसऱ्याचं उत्तर आलेलं नाही.

सुभेदारांनी वाडी सोडायला नकार दिला. अक्का त्यांच्याशी आठवडाभर बोलली नाही, मग स्वतःच त्यांच्याकडे महिनाभर जाऊन राहिली. तिने त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये साताऱ्याच्या माणसाकडून नवा सेल बसवून घेतला, आणि रिपोर्टात रोजच्या साखरेचा आकडा लिहिलाच पाहिजे अशी अट घातली. आकडा वाढला की ती फोन करून त्या सुनेला वर पिटाळते.

तेव्हा धाकट्याच्या प्रश्नाचं उत्तर असं. सुभेदार आहेत. त्यांचा उजवा पाय आहे, दोन बोटं नाहीत. बोर्ड चालू आहे, प्रोग्रॅम माझ्याकडे आहे, आणि आज सकाळचा रिपोर्ट आला आहे.